पडद्यावरचा वेढा आणि अजिंक्यताऱ्याचा वेढा

बुद्धिबळाच्या पटावरील सर्वांत बलवान मोहरा कोणता, असे विचारले तर तुम्ही चटकन ‘वजीर’ असे उत्तर द्याल. पण एके काळी हा वजीर एका चालीत फक्त एक घर, आणि तेही तिरकेच, सरकू शकत असे, हे तुम्हाला ठाऊक आहे काय? उंटाचीही धाव त्या वेळी दोन घरांपुरतीच होती. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात कोणीतरी या दोन मोहऱ्यांना पटभर धावण्याची मुभा दिली आणि जुन्या संथ खेळाची नवी, वेगवान आवृत्ती तयार झाली. जुन्या खेळाडूंपैकी काहींनी नाके मुरडली असतील, पण काही वर्षांत जुना खेळ मागे पडला आणि नवा जगभर पसरला.

आपल्याकडेही असेच घडले. देशी पद्धतीच्या बुद्धिबळात प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरे जाता येत नसे आणि किल्लेकोटाऐवजी राजाला एकदाच घोड्याची चाल मिळे. सांगली हे तर बुद्धिबळाचे गाव. भाऊसाहेब पडसलगीकर आणि त्यांचे नूतन बुद्धिबळ मंडळ यांच्यामुळे तेथे खेळाडूंच्या पिढ्या घडल्या. अशा गावातल्या एखाद्या जुन्या जाणत्याला विचारा. नियमातला एक लहानसा बदल साऱ्या खेळाचा विचार कसा बदलून टाकतो, हे तो तुम्हाला पटावर मांडून दाखवील.

आज आपण अशाच एका खेळाच्या नव्या आवृत्तीची ओळख करून घेणार आहोत. हा खेळ लाकडी पटावरचा नसून संगणकाच्या पडद्यावरचा आहे. त्याचे नाव ‘युरोपा युनिव्हर्सॅलिस’. त्याची पाचवी आवृत्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये बाहेर पडली. पण आपण नुसती ओळख करून घेऊन थांबणार नाही. या खेळाला आपण साताऱ्याच्या किल्ल्यावर नेऊ आणि इ. स. १७०० मधल्या एका खऱ्या वेढ्याच्या कसोटीवर घासून पाहू.

पटावरून पडद्यावर

युद्धाचे आणि राज्यकारभाराचे खेळ संगणकाने जन्माला घातलेले नाहीत. प्रशियात राइसविट्झ नावाच्या एका गृहस्थाने १८१२ च्या सुमारास राजाला एक टेबल भेट दिले. त्यावर डोंगर, नद्या, गावे यांचे तुकडे हवे तसे मांडून लुटुपुटीची लढाई खेळता येई. त्याच्या मुलाने १८२४ मध्ये या खेळाचे नियम छापले आणि प्रशियन सैन्याने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी तो वापरला. या खेळात तीन गोष्टी नव्या होत्या. पहिली, चौकोनी घरांच्या पटाऐवजी खरा नकाशा. दुसरी, नशिबाचा भाग दाखवण्यासाठी फासे. तिसरी, दोन्ही बाजूंना माहीत असलेला एक पंच. शत्रूची जी फौज तुमच्या शिपायांना दिसणे शक्य नाही, ती पंच तुमच्या नकाशावर मांडतच नसे!

हा पंच फार महत्त्वाचा. त्याला सर्व नियम पाठ हवेत, सर्व बेरजा अचूक हव्यात, आणि त्याने कंटाळता कामा नये. असा न कंटाळणारा पंच विसाव्या शतकात मिळाला. तो म्हणजे संगणक. १९९१ मध्ये ‘सिव्हिलायझेशन’ आणि १९९७ मध्ये ‘एज ऑफ एम्पायर्स’ हे खेळ निघाले. ‘युरोपा युनिव्हर्सॅलिस’ हा प्रथम फ्रान्समध्ये १९९३ साली पुठ्ठ्याच्या पटावर खेळायचा खेळ म्हणून आला आणि २००० साली स्वीडनमधील पॅराडॉक्स या कंपनीने त्याला संगणकावर आणले. २००९ मधील ‘एम्पायर : टोटल वॉर’ या दुसऱ्या एका खेळात तर चक्क मराठा सत्ता घेऊन खेळता येते, आणि तो खेळ सुरू होतो ते वर्ष आहे १७००. हे वर्ष लक्षात ठेवा. त्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

नव्या आवृत्तीत नवे काय?

२०१३ मध्ये निघालेली चौथी आवृत्ती बारा वर्षे खेळली गेली. तिच्यात राज्यकर्त्याजवळ तीन प्रकारचे गुण साठत : कारभाराचे, मुत्सद्देगिरीचे आणि लष्कराचे. राजा हुशार असेल तर दरमहा जास्त गुण, मंद असेल तर कमी. हे गुण खर्च केले की काम तत्काळ होई. समजा एखादा प्रांत सुधारायचा आहे. ठरलेले गुण मोजा, एक कळ दाबा, प्रांत सुधारला! तेथे माणसे किती राहतात, ती काय पिकवतात, काय खातात, याचा या व्यवहाराशी फारसा संबंध नसे. खेळायला हे सोपे होते, पण दुकानात नाणी मोजून जिन्नस घ्यावा तसे राज्य चालवल्यासारखे वाटे.

पाचव्या आवृत्तीत हे गुण काढून टाकले आहेत. त्यांच्या जागी आली आहेत माणसे. नकाशावर वीस हजारांहून अधिक ठिकाणे आहेत आणि प्रत्येक ठिकाणी सरदार, धर्मोपदेशक, व्यापारी, शेतकरी, मजूर असे निरनिराळे वर्ग मोजलेले आहेत. त्यांना अन्न लागते. ती वस्तू बनवतात, विकत घेतात, आणि बाजारातला भाव मागणी-पुरवठ्याने चढतो-उतरतो. फौज उभारायची तर ती याच माणसांतून उभारावी लागते. ती लढाईत पडली की गावातली तेवढी माणसे कायमची कमी होतात आणि शेतात राबणारे हातही कमी होतात.

आणखी एक मोठा बदल आहे. राजधानीपासून जितके दूर जावे तितका सत्तेचा ताबा सैल होत जातो. डोंगर आडवे आले तर आणखी सैल. रस्ता, नदी किंवा समुद्रमार्ग असेल तर थोडा घट्ट. नकाशावर एखादा मुलूख आपल्या रंगाने रंगला म्हणजे तो खरोखर आपला झाला असे नव्हे. तेथला वसूल आणि तेथली माणसे आपल्या हाती किती येतात, हे वेगळे मोजावे लागते.

जुन्या आवृत्तीच्या चाहत्याला पहिल्या काही तासांत काय वाटते? पहिली भावना गोंधळाची असते. पडद्यावर कोष्टकांमागून कोष्टके उघडतात. घड्याळ थांबवून नुसते वाचत बसावे लागते. काही कामे संगणकाकडेच सोपवण्याची सोय आहे, पण सारे त्याच्यावर सोपवले तर आपण खेळाडू राहतो की प्रेक्षक, असा प्रश्न पडतो. संगणकही चांगल्या ताकदीचा लागतो. मात्र थोड्या वेळाने एक गंमत ध्यानात येते. आधीच्या आवृत्तीत ‘माझ्याजवळ किती गुण शिल्लक आहेत?’ असे आपण विचारीत होतो. आता ‘माझ्या मुलखात किती माणसे आहेत आणि त्यांना पुरेसे धान्य आहे का?’ असे विचारू लागतो. खेळाने प्रश्न बदलला. नव्या आवृत्तीचे खरे श्रेय, माझ्या मते, यातच आहे.

बारा कोटी बेरजा

हा खेळ १ एप्रिल १३३७ रोजी सुरू होतो आणि १८३६ पर्यंत चालू शकतो. म्हणजे जवळजवळ ५०० वर्षे, अर्थात ६,००० महिने. आता एक ढोबळ हिशेब करू. नकाशावर २०,००० ठिकाणे धरा, आणि प्रत्येक ठिकाणचा ताळेबंद महिन्यातून एकदाच करायचा असे माना.

२०,००० × ६,००० = १२,००,००,०००

म्हणजे बारा कोटी ताळेबंद झाले. एक ताळेबंद एका मिनिटात उरकणारा कारकून न झोपता, न जेवता बसला, तरी त्याला सुमारे २२८ वर्षे लागतील. प्रत्यक्षात एका ठिकाणी अनेक वर्ग, अनेक वस्तू, शिवाय फौजांच्या हालचाली, म्हणजे खरे काम याच्या कितीतरी पट. हे काम घरातला संगणक करतो म्हणूनच असा खेळ शक्य झाला. पुठ्ठ्याच्या पटावर तो कधीच खेळता आला नसता.

अशा नियमांच्या आणि आकड्यांच्या जुळणीला शास्त्रात ‘प्रतिरूप’ म्हणतात. हवामानाचा अंदाज, साथीच्या रोगाचा फैलाव, धरणातून किती पाणी सोडावे याचा निर्णय, या सर्वांसाठी शास्त्रज्ञ प्रतिरूपेच वापरतात. म्हणून खेळाचे प्रतिरूप कसे बांधतात हे पाहिले की पुष्कळ शास्त्र आपोआप कळते. दोन नमुने पाहू.

साताऱ्याहून सांगलीला कसे जावे?

पडद्यावर तुम्ही फौजेवर एकदा आणि दूरच्या गावावर एकदा टिचकी मारता. फौज निमूटपणे चालू लागते. रस्ता तिने कसा शोधला?

समजा पुलांच्या आधीचा काळ आहे आणि साताऱ्याची फौज सांगलीला जायची आहे. सातारा कृष्णेच्या पश्चिमेस आहे आणि सांगली पूर्व काठावर. म्हणजे कृष्णा कोठे ना कोठे एकदा ओलांडायलाच हवी. दोन वाटा घेऊ. पहिली सातारा–कऱ्हाड–इस्लामपूर–सांगली. या वाटेने नदी अगदी शेवटी, सांगलीपाशी ओलांडावी लागते. दुसरी सातारा–रहिमतपूर–विटे–तासगाव–सांगली. या वाटेने नदी सुरुवातीलाच, माहुलीच्या बाजूस ओलांडायची. तेथे कृष्णेला कोयना अजून मिळालेली नसते, त्यामुळे पाणी कमी.

आता प्रत्येक टप्प्याला दिवसांची किंमत देऊ. हे आकडे केवळ उदाहरणासाठी मानलेले आहेत.

पहिली वाट : सातारा ते कऱ्हाड ३, कऱ्हाड ते इस्लामपूर २, इस्लामपूर ते सांगली २. एकूण ७ दिवस.

दुसरी वाट : सातारा ते रहिमतपूर २, रहिमतपूर ते विटे ३, विटे ते तासगाव २, तासगाव ते सांगली १. एकूण ८ दिवस.

उन्हाळ्यात नदीला उतार आहे, ती ओलांडायला वेगळा दिवस लागत नाही असे धरले, तर पहिली वाट जवळची. आता पावसाळा आला. सांगलीपाशी नावांनी फौज उतरवायला ४ दिवस, माहुलीपाशी २ दिवस असे मानू. पहिली वाट ७ + ४ = ११ दिवसांची झाली, तर दुसरी ८ + २ = १० दिवसांची. पाहिलेत? वाटा त्याच, गावे तीच, पण ऋतू बदलताच उत्तर फिरले.

येथे दोनच वाटा होत्या म्हणून आपण तोंडी हिशेब केला. वीस हजार ठिकाणांच्या जाळ्यात वाटांची संख्या मोजता येणार नाही इतकी होते. त्यासाठी १९६८ मध्ये अमेरिकेतील हार्ट, निल्सन आणि राफाएल या तिघांनी एक युक्ती प्रसिद्ध केली. आतापर्यंत झालेला खर्च अधिक पुढे निदान किती खर्च होईल याचा अंदाज, अशी बेरीज प्रत्येक ठिकाणी करायची आणि जिची बेरीज सर्वांत कमी ती वाट आधी तपासायची. फसव्या वाटा लवकर मागे पडतात. ही युक्ती त्यांनी यंत्रमानवाला वाट दाखवण्यासाठी शोधली होती. पुढे तीच आणि तिच्या जातीच्या इतर युक्त्या खेळांत आल्या, आणि मोबाइलवर नकाशा रस्ता दाखवतो त्याच्या मुळाशीही त्याच आहेत.

थोडे लोक किल्ला कसा लढवतात?

दुसरा नमुना लढाईचा. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरने १९१४ ते १९१६ च्या सुमारास लढाईला गणित लावून पाहिले. तो मोटारगाड्या बनवीत असे आणि विमानांचाही अभ्यासक होता.

समजा मोकळ्या मैदानात १०० बंदूकधारी एका बाजूस आणि ८० दुसऱ्या बाजूस आहेत. सर्वांचा नेम सारखा. १०० च्या बाजूला दुहेरी फायदा आहे : तिच्याकडून गोळ्या जास्त सुटतात, आणि तिच्यावर येणाऱ्या गोळ्या जास्त माणसांत वाटल्या जातात. म्हणून, लँचेस्टर म्हणतो, बळ संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात मोजा.

१०० × १०० – ८० × ८० = १०,००० – ६,४०० = ३,६००

३,६०० चे वर्गमूळ ६०. म्हणजे ८० जणांची बाजू पूर्ण संपेल तेव्हा दुसऱ्या बाजूचे ६० जण उभे असतील!

आता हेच दोन गट एका अरुंद दरवाजात भिडले, जेथे एका वेळी एकाशी एकच लढू शकतो, असे समजा. मागे उभ्या असलेल्यांची संख्या आता उपयोगी नाही. एकास एक याप्रमाणे ८० जण ८० जणांशी संपतील आणि २० उरतील. मोकळ्या मैदानात निम्म्या संख्येने बरोबरी करायची तर प्रत्येक शिपाई चौपट प्रभावी हवा. अरुंद वाटेत दुप्पट असला तरी पुरे.

आता अजिंक्यताऱ्याकडे पाहा. सातारा शहरावर सुमारे ३०० मीटर उभा राहिलेला तो डोंगर, ताशीव कडे, वर जाणाऱ्या मोजक्या वाटा आणि त्यांच्या तोंडाशी दरवाजे. गड म्हणजे शत्रूच्या संख्येचा वर्ग होऊ न देणारे यंत्र! सह्याद्रीत इतके किल्ले का बांधले, याचे एक उत्तर या छोट्याशा गणितात आहे.

आता खरा वेढा

ऑक्टोबर १६९९ मध्ये औरंगजेब भीमाकाठच्या ब्रह्मपुरीच्या छावणीतून मराठ्यांचे किल्ले घेण्यासाठी स्वतः निघाला. त्या वेळी त्याचे वय ऐंशीच्या पुढे होते. वाटेत कऱ्हाडजवळचा वसंतगड पडला. ८ डिसेंबर १६९९ रोजी मोगल फौज साताऱ्यास पोहोचली. बादशहाचा तळ किल्ल्याच्या उत्तरेस करंजे येथे पडला. गडावर प्रयागजी प्रभू होते. वेढा एप्रिल १७०० पर्यंत, म्हणजे सुमारे साडेचार महिने चालला.

या खेळाच्या चौथ्या आवृत्तीत वेढा फाशांवर चाले. दर महिन्याच्या सुमारास चौदा बाजूंचा एक फासा पडे. १४ पडले तर तटाला खिंडार. १ पडला तर वेढा घालणाऱ्यांच्या छावणीत रोगराई. साडेचार महिन्यांत चार फासे धरू. एकदाही १४ न पडण्याची शक्यता तेरा-चतुर्दशांश चार वेळा गुणून मिळते. ती निघते सुमारे ०.७४. म्हणजे अशा चार वेढ्यांपैकी सुमारे तिनांत तट शाबूत राहील. प्रयागजींच्या चिवटपणाचे आश्चर्य त्या फाशाला वाटले नसते!

पण खऱ्या साताऱ्यास काय घडले ते पाहा. मोगलांनी कड्याखाली सुरुंग खणले. १३ एप्रिलला ते उडवले. पहिल्या स्फोटाने तट कोसळून गडावरचे अनेक जण ठार झाले. प्रयागजी स्वतः ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि जिवंत बाहेर काढले गेले. दुसऱ्या सुरुंगाचा स्फोट मात्र उलटला. हल्ल्यासाठी खाली दाटीने उभ्या असलेल्या मोगल सैनिकांवरच कडा कोसळला. त्यात सुमारे दोन हजार माणसे मेली, असे त्या काळच्या मोगल वृत्तांतांवरून इतिहासकार सांगतात. स्फोटाचा जोर जिकडे कमीत कमी अडथळा तिकडे धावतो, तो सेनापतीची आज्ञा पाळत नाही. खडकातल्या भेगा, माथ्यावरचा भार, सुरुंगाची खोली यांतला थोडासा फरक ही दिशा ठरवतो. चौदा बाजूंच्या फाशावर ‘आपलाच सुरुंग आपल्यावर उलटला’ अशी बाजूच नाही.

दुसरी गोष्ट चाऱ्याची. एका घोड्याला दिवसाला १० किलो चारा लागतो असे धरा. १,००० घोड्यांना दिवसाला १० टन. १३४ दिवसांना १,३४० टन. बैलगाडीत अर्धा टन मावतो असे मानले तर २,६८० गाड्या लागतील. त्या गाड्यांच्या बैलांनाही चारा लागतो, हे निराळेच! आणि बादशाही फौजेत एक हजार नव्हे, त्याच्या कितीतरी पट जनावरे होती. हा चारा येणार कोठून? आसपासच्या गावांतून, नाहीतर दुरून तांड्यांनी. बाहेर मोकळ्या फिरणाऱ्या मराठा फौजा नेमक्या या तांड्यांवर तुटून पडत. वेढा घालणाराच वेढल्यासारखा झाला. फौजांनाही अन्न लागते हा पाचव्या आवृत्तीतील नियम म्हणूनच मोलाचा वाटतो. पटावरचा घोडा काही खात नाही; साताऱ्याच्या रानातला घोडा खात होता.

तिसरी गोष्ट सर्वांत विचार करण्याजोगी. वेढा चालू असतानाच, मार्च १७०० मध्ये, छत्रपती राजाराम महाराज सिंहगडावर मृत्यू पावले. ही बातमी आणि तटाची पडझड यांमुळे गडकऱ्यांनी वाटाघाटी केल्या आणि एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात किल्ला मोगलांना दिला. औरंगजेबाने आपल्या मुलाच्या, आझमशहाच्या, नावावरून त्याला ‘आझमतारा’ हे नाव दिले. राजा गेला, राजधानीचा किल्ला गेला. ‘राजधानीपासून दूर तितका ताबा सैल’ हा नियम येथे लावा. राजधानीच नाही म्हटल्यावर राज्य विरून जायला हवे, असे उत्तर येईल.

तसे झाले नाही. ताराबाईंनी राज्याची सूत्रे हाती घेतली आणि पुढे सात वर्षे, औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत, लढा चालूच राहिला. १७०८ मध्ये याच साताऱ्यास शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला. राज्य एका केंद्रातून चालत नव्हते. निरनिराळे सरदार आपापल्या फौजांसह स्वतंत्रपणे हालत होते. दिव्याची काच फुटली की दिवा विझतो. पण वणव्याला काच नसते. सूर्यापासून दूर जावे तसा प्रकाश कमी व्हावा, अशा कल्पनेवर बांधलेले प्रतिरूप वणव्याचे वर्णन कसे करणार?

चुकलेले प्रतिरूप टाकून द्यावे का?

मुळीच नाही. शास्त्रात प्रतिरूप चुकते तेव्हाच ते जास्त शिकवते. ‘उत्तर चुकले’ एवढे म्हणून थांबू नये. ‘कोणते गृहीत चुकले?’ असे विचारावे. येथे गृहीत चुकले ते हे की सत्ता नेहमी एकाच बिंदूपासून पसरते.

ऋतूचेही असेच. साताऱ्यानंतर मोगलांनी परळीचा किल्ला, म्हणजे सज्जनगड, जूनमध्ये घेतला. तोवर पाऊस लागला. परतीच्या वाटेवर ओढे-नद्या ओलांडताना फौजेचे आणि जनावरांचे अतोनात हाल झाले. पुढे ऑक्टोबर १७०० मध्ये माण नदीच्या काठी खवासपूरला बादशाही छावणी पडली असता नदीला अकस्मात पूर आला, छावणी वाहून गेली आणि पळापळीत औरंगजेबाचा गुडघा निखळला. तो पुढे जन्मभर लंगडत होता. आणि गंमत पाहा, माण नदीचे खोरे म्हणजे आपल्या भागातला कमी पावसाचा, दुष्काळी मुलूख! महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला माणदेशात पाचशे मिलिमीटरच्या आसपास. पण ‘सरासरी पाऊस कमी’ याचा अर्थ ‘पूर येणार नाही’ असा होत नाही. सरासरीवर बांधलेले प्रतिरूप अशा एका रात्रीपुढे हतबल ठरते. धरणे आणि पूल बांधणाऱ्या इंजिनिअरांना हाच धडा आजही गिरवावा लागतो. २००५, २०१९ आणि २०२१ मधले सांगलीचे महापूर ज्यांच्या घरी शिरले, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

या खेळांबद्दल आणखी एक सावधगिरी सांगतो. पडद्यावर आपण वरून पाहतो, आकाशातून. तेथून सारे मुलूख रंगांचे ठिपके दिसतात, आणि दोन हजार मेले म्हणजे एका रकान्यातला आकडा उतरतो. साताऱ्याच्या कड्याखाली जे गाडले गेले त्यांतील बहुतेकांची नावे कोणत्याही बाजूच्या कागदांत नाहीत. ज्या गावांचा चारा आणि धान्य उचलले गेले, त्यांचा वेढ्याशी काही संबंधही नव्हता. पाचव्या आवृत्तीने आकड्यांच्या जागी माणसे आणली असे मी वर म्हटले. नीट पाहिले तर तेही आकडेच आहेत; फक्त आता ते माणसांचे आकडे आहेत. हे पाऊल चांगल्या दिशेने पडले आहे. पण आकड्यामागचे माणूस आठवण्याचे काम संगणक करणार नाही. ते खेळणाऱ्यालाच करावे लागते.

म्हणून असा खेळ हाती आला तर जरूर खेळा, पण घड्याळ लावून खेळा, आणि खेळताना शेजारी इतिहासाचे पुस्तक व भूगोलाचा नकाशा ठेवा. पडद्याने काही सांगितले की ‘हे खरेच असे होते का?’ असा प्रश्न विचारा. वजिराला पटभर धावू देणाऱ्या त्या अज्ञात खेळाडूनेही ‘नियम असाच का असावा?’ हाच प्रश्न विचारला असेल. पुढची आवृत्ती कोणीतरी लिहिणारच आहे. ती तुमच्यापैकी कोणी का लिहू नये?

करून पाहा

१. चार जणांचा गट करा : एक गडकरी, एक वेढा घालणारा, एक बाहेरच्या फौजेचा सरदार आणि एक पंच. वहीच्या पानावर गड, तळ आणि रसदेच्या दोन वाटा काढा. गडावर २० आठवड्यांचे धान्य आणि तळावर ३ आठवड्यांचा चारा अशी सुरुवात करा. बाहेरचा सरदार दर आठवड्याला एकच वाट अडवू शकतो. कोणती, हे तो फक्त पंचाला चिठ्ठीवर लिहून देईल. रसद कोणत्या वाटेने आणायची हे वेढा घालणाऱ्यानेही पंचाला चिठ्ठीवरच कळवावे. वाट चुकली तर त्या आठवड्याचा चारा बुडाला. चारा संपला की वेढा उठला. वेढा किती आठवडे टिकतो याची नोंद ठेवा आणि दहा वेळा खेळून सरासरी काढा.

२. आता विसाव्या आठवड्याऐवजी चौदाव्या आठवड्यापासून पावसाळा लागतो आणि एक वाट बंद होते, असा नियम वाढवा. सरासरी किती बदलली? निकाल कोणाच्या बाजूने झुकला, आणि का?

३. लँचेस्टरचे गणित १३० आणि ५० या दोन गटांसाठी मोकळ्या मैदानात आणि अरुंद वाटेत, असे दोन्ही प्रकारे करा. (उत्तरे : १२० आणि ८०.)

४. शिक्षकांसाठी : विद्यार्थ्यांना आपल्या गावापासून तालुक्याच्या गावापर्यंतच्या निदान तीन वाटांचे जाळे काढायला सांगावे. प्रत्येक टप्प्याला उन्हाळ्याची व पावसाळ्याची वेगवेगळी किंमत मिनिटांत द्यावी. सर्वांत कमी वेळेची वाट ऋतूप्रमाणे बदलते का, याची वर्गात चर्चा करावी.